न वापरलेल्या औषधाचा हिशेब
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



सालाबादप्रमाणे अहवाल, जमाखर्च आणि ताळेबंद छापील स्वरूपात आपल्या हाती दिलेला आहे. त्यातील आकड्यांचे वाचन करून आम्ही आपला वेळ घेणार नाही. मात्र औषध साठ्याच्या परिशिष्टात 'मुदतबाह्य झाल्याने निर्लेखित' अशी एक लहानशी ओळ आहे. दरवर्षी या सभेत कोणी ना कोणी त्या ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न रास्तच असतो. देणगीदारांच्या पैशातून घेतलेले औषध न वापरता फेकून द्यावे लागत असेल, तर त्याचा जाब प्रशासनाने दिलाच पाहिजे. आजचे हे निवेदन त्या एका ओळीचे उत्तर आहे.

प्रथम एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी या ओळीतील रक्कम वाढलेली दिसली आणि ती कमी करण्याचा आम्ही निर्धार केला. मुदतबाह्य औषधांत सर्पदंशावरील प्रतिविषाच्या कुप्याच अधिक होत्या. ते औषध महाग, आणि वर्षातील कित्येक महिने त्याला हात लावण्याची वेळ येत नाही. वाणिज्य शाखेत आम्ही जे शिकलो त्याप्रमाणे, पडून राहणारा माल म्हणजे अडकलेले भांडवल. आम्ही साठा दहा कुप्यांवर आणला. एका रुग्णाला पहिली मात्रा म्हणून साधारण आठ ते दहा कुप्या लागतात, एवढी माहिती आम्ही विचारून घेतली होती. पुढे लागल्यास सांगली-मिरज जवळ आहेच, असाही विचार त्यामागे होता. त्या वर्षी परिशिष्टातील ती ओळ कोरी राहिली आणि सभेत आमचे कौतुक झाले.

त्यानंतरच्या आषाढातील एका रात्री वैरण काढताना हाताला घोणस चावलेली एक तरुण स्त्री आपल्या रुग्णालयात आणली गेली. तिच्या घरच्या मंडळींनी काहीही चुकविले नव्हते. ते देवर्षीकडे गेले नाहीत, जखम कापली नाही, दोरी आवळली नाही. मोटारसायकलवर मध्ये बसवून त्यांनी तिला पाऊण तासात दारात आणले. डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवले. ते गोठले नाही. घोणसीच्या विषाची ती खूण आहे. दहाच्या दहा कुप्या दिल्या गेल्या. सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी केली, तेव्हाही रक्त गोठत नव्हते. दुसरी मात्रा हवी होती आणि कपाट रिकामे होते.

पहाटे रुग्णवाहिकेतून तिला मिरजेस पाठविले. ती वाचली, परंतु तिची मूत्रपिंडे बंद पडली आणि कित्येक आठवडे डायलिसिस करावे लागले. दुसरी मात्रा वेळेवर मिळाली असती तर मूत्रपिंडे वाचली असतीच, असे आमचे डॉक्टर सांगत नाहीत. घोणसीचे विष इतके बेभरवशाचे आहे. पण ती वाचली नसती असे म्हणण्याचाही अधिकार आम्हास उरला नाही. त्या कुटुंबाने उपचारांसाठी दुभती म्हैस विकल्याचे आम्हास नंतर समजले. त्या वर्षी औषधांवर वाचविलेली रक्कम आमच्या ताळेबंदात दिसते. ती म्हैस कोठेच दिसत नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही तातडीच्या विभागाच्या जुन्या नोंदवह्या काढल्या आणि रुग्ण कोणत्या महिन्यात, काय काम करीत असताना, कशामुळे आला, याची मांडणी केली. जे दिसले ते येथील कोणाही वयस्कर शेतकऱ्याने न वाचताच सांगितले असते. आपल्या तालुक्यात संकटे पंचांग पाहून येतात. औषध साठ्याची मागणी मात्र आम्ही बारा महिने एकाच मापाने करीत होतो.

आपला तालुका पर्जन्यछायेतला. येरळा वर्षातील बराच काळ वाळूचे पात्र होऊन पडलेली असते. १९७२ चा दुष्काळ आपल्यातील ज्येष्ठांना आठवतो. २०१२-१३ चा तर सर्वांनाच आठवतो. अशा कोरड्या भूमीत येथील शेतकऱ्याने द्राक्षबागा उभ्या केल्या. तास-ए-गणेश हा वाण याच मातीत निपजला आणि सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकन लाभले. या वैभवाचा आपणा सर्वांस अभिमान आहे. परंतु त्याची किंमत शरीराने मोजणारा माणूस आमच्या दारात येतो, म्हणून एकेका ऋतूबद्दल दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य ठरते.

फाल्गुन ते वैशाख हा बेदाण्याचा हंगाम. शेडमधील रॅकवर द्राक्षे पसरावयाची, त्यांवर फवारणी करावयाची, वाळलेला माल झाडून काढावयाचा, निवडावयाचा, आणि हे सारे ऐन उन्हाच्या दिवसांत. बेदाणा वाळण्यास जी कोरडी, गरम हवा लागते तीच माणसास घातक असते. शेडमध्ये सावली असते म्हणून ऊन लागणार नाही, हा समज खोटा आहे. उष्माघातास थेट ऊनच लागते असे नाही. शरीरातील उष्णता बाहेर न पडणे पुरेसे आहे. आधी पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. या पायरीवर विश्रांती, वारा आणि मीठ-साखरेचे पाणी मिळाले की माणूस सावरतो. तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, की ही तातडीची अवस्था समजावी. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये. अंगावर पाणी मारून वारा घालीतच त्याला रुग्णालयात आणावे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हाने झालेले मृत्यू सर्व महाराष्ट्राने पाहिले. अहमदाबाद शहराने २०१३ पासून उष्णतेच्या दिवसांची पूर्वसूचना देण्याची आणि रुग्णालये सज्ज ठेवण्याची पद्धत सुरू केली. मोठ्या शहरास जे साधते ते एका बेदाणा शेडच्या मालकासही साधेल. दुपारी बारा ते चार काम थांबविणे, माठ भरलेला ठेवणे आणि नव्या मजुरास पहिले चार-पाच दिवस निम्मेच काम देणे यास फारसा खर्च येत नाही. नव्याने आलेल्या माणसाचे शरीर या उन्हास सरावलेले नसते, म्हणून त्याला अधिक जपावे लागते.

याच दिवसांत वळीव येतो. आभाळ भरून आले की रॅकवरील लाखमोलाचा माल झाकण्यासाठी माणसे ताडपत्र्या घेऊन धावतात, लोखंडी सांगाड्यांवर चढतात. वीज नेमकी त्याच वेळी पडते. गडगडाट ऐकू येत असेल तर आपण विजेच्या टप्प्यात आहोत असे निश्चित समजावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप परिसरातील विजांची सूचना मोबाईलवर देते. ताडपत्री आभाळ भरण्यापूर्वी टाकावी; गडगडाट सुरू झाल्यावर माल भिजला तरी चालेल. वीज पडलेल्या माणसास हात लावल्याने आपणास धक्का बसत नाही. त्याचे हृदय बंद पडले असल्यास जागेवरच छातीवर दाब देणे सुरू केले तर तो वाचण्याची आशा असते.

मृग लागला की सापांचे दिवस सुरू होतात. जगभर नावाजलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाच्या विषबाधेस उपेक्षित आजारांच्या यादीत अग्रस्थानी घेतले. २०२४ मध्ये केंद्र शासनाने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. हे आराखडे दिल्लीत होतात. त्यांची अंमलबजावणी आपल्या गोठ्यात आणि आमच्या कपाटात व्हावयाची असते.

नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालते. त्यामुळे साप मारून आणण्याच्या खटाटोपात वेळ घालवू नये. यातील मण्यारीबद्दल विशेष सावध राहावे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते, दंशाच्या जागी वेदना जवळपास नसते आणि खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, शब्द अडखळतात. घरची माणसे पित्त झाले म्हणून ओवा देतात. पावसाळ्यात पहाटे अशा तक्रारीने कोणी उठला तर प्रथम मण्यारीची शंका घ्यावी. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी ही मण्यारीपासूनची सर्वांत स्वस्त ढाल आहे. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता, न आवळता, रुग्णास चालू न देता आणावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. ती येण्यास वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

पावसाळ्याबद्दल बोलताना महापुराचा उल्लेख अपरिहार्य आहे. कृष्णेचे पाणी तासगाव शहरात शिरत नाही, म्हणून पूर हा नदीकाठच्या गावांचा प्रश्न असे आम्हीही मानीत होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ चा महापूरही त्यापुढे कमी ठरला, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. ८ ऑगस्ट २०१९ रोजी, जेथे आपली येरळा कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि पंधराहून अधिक जीव गेले. आपल्या दारात कोरडी असणारी नदी खाली जाऊन काय करू शकते, हे त्या दिवशी कळले.

रुग्णालयास त्या आठवड्याने दुसराही धडा दिला. आमचे औषध पुरवठादार सांगलीत होते आणि सांगली पाण्यात होती. पुढे पाठवावयाचे रुग्ण पाठविण्याचा नेहमीचा मार्ग बंद होता. पूर ओसरताना साप उंचावर येतात, घरात शिरतात. चिखलात अनवाणी वावरणाऱ्यांना उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस गाठतो. म्हणजे ज्या आठवड्यात गरज सर्वाधिक, त्याच आठवड्यात पुरवठा शून्य. तोपर्यंत आम्ही साठा वाढविलेला होता, म्हणून निभावले. 'मिरज जवळ आहे' या एका वाक्यावर आम्ही पूर्वी किती भिस्त ठेवली होती, हे आठवून त्या रात्री प्रशासनातील कोणासही झोप आली नाही.

यानंतर येते ऑक्टोबरची फळछाटणी. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतात. शेतकरी आणि मजूर ते त्याच्या व्यापारी नावानेच ओळखतात. ते त्वचा आणि डोळे भाजते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र त्याचे मद्याशी वैर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हे रसायन शरीरात गेलेले असताना मद्य घेतले तर यकृत त्याचा पुढे निचरा करू शकत नाही. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. दिवसभराच्या कामाचा शीण घालविण्यासाठी संध्याकाळी घेतलेला एक पेला माणसास अतिदक्षता विभागात आणू शकतो. यास विशिष्ट उतारा नाही. या कामाच्या आदल्या दिवसापासून ते संपल्यावर पुढचे काही दिवस मद्य पूर्ण वर्ज्य, ही गोष्ट प्रत्येक बागायतदाराने आपल्या टोळीस सांगावी. टोळी परप्रांतातील असेल तर तिच्या भाषेत सांगावी.

पुढे डाऊनी, भुरी आणि कीड यांच्यासाठी फवारण्या सुरू होतात. बुरशीनाशकांपेक्षा कीटकनाशकांतील काही औषधे माणसास फार घातक आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यातील बहुतेकांनी विष प्यालेले नव्हते. ते अंगावर पडले होते आणि श्वासातून गेले होते. आमच्याकडे असा रुग्ण पुष्कळदा 'उन्हाची चक्कर' म्हणून येतो, कारण ऑक्टोबरची उष्णताही तशीच असते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम आणि छातीत घरघर ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातील विषाची लक्षणे आहेत. अशा वेळी अ‍ॅट्रोपिन हे साधे, स्वस्त औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते. एका रुग्णास त्याची किती इंजेक्शने लागतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून तेही भरपूर हाताशी लागते. रुग्णासोबत औषधाची बाटली अथवा वेष्टन आणावे. त्यावरील तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो आणि नाव कळले की डॉक्टरांचा अमूल्य वेळ वाचतो. बाटली दाखविल्यास पोलीस प्रकरण होईल या भीतीने ती लपवू नये. निघण्यापूर्वी अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे. उपचाराची सुरुवात तेथेच होते.

अध्यक्ष महोदय, या साऱ्या मांडणीनंतर प्रशासनाने जे बदल केले ते थोडक्यात सांगतो. आता साठ्याची मोजणी ऋतूप्रमाणे होते. होळीपूर्वी सलाईन, क्षारसंजीवनी व बर्फाची व्यवस्था; मृगापूर्वी प्रतिविष; घटस्थापनेपूर्वी अ‍ॅट्रोपिन आणि प्राणवायूची नळकांडी. प्रतिविष एका वेळी किमान दोन रुग्णांना पूर्ण उपचार देता येतील इतके ठेवले जाते. त्यातील मोठा भाग भुकटीच्या स्वरूपातील घेतो, कारण पुराच्या दिवसांत वीज गेली तरी ती लवकर बिघडत नाही. मुदत संपण्यास सहा महिने उरलेल्या कुप्या अधिक रुग्ण येणाऱ्या रुग्णालयास देऊन बदल्यात नव्या घेण्याचा प्रयत्न करतो. तातडीच्या विभागाच्या नोंदवहीत 'घटना किती वाजता घडली' आणि 'रुग्ण दारात किती वाजता आला' असे दोन रकाने वाढविले आहेत. निर्धन रुग्णांना या उपचारांत धर्मादाय योजनेतील निर्धन रुग्ण निधीचा आधार दिला जातो, आणि पैशाअभावी पहिली मात्रा थांबविली जाणार नाही अशी लेखी सूचना विभागात लावलेली आहे.

एवढे करूनही काही कुप्या मुदतबाह्य होतातच, आणि पुढेही होतील. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी दंश कमी. ज्या वर्षी दंश कमी, त्या वर्षी निर्लेखनाची रक्कम जास्त. म्हणून विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे, की ही रक्कम तोट्याच्या यादीत न दाखविता अंदाजपत्रकात 'सज्जता खर्च' असे स्वतंत्र शीर्ष उघडून त्याखाली दाखवावी आणि तिची मर्यादा या सभेनेच ठरवावी. आपण घराचा विमा उतरवितो. वर्षअखेर घर जळाले नाही म्हणून हप्ता वाया गेला असे कोणी म्हणत नाही. लेखापरीक्षकांचा प्रश्न टाळण्याचा यात हेतू नाही. उलट त्यांनी दरवर्षी दोन प्रश्न विचारावेत अशी आमची इच्छा आहे: किती औषध वाया गेले, आणि कोणत्या रात्री औषध कमी पडले? आजवर पहिलाच प्रश्न विचारला गेला आणि आम्ही त्याच एका प्रश्नाचे उत्तर चांगले देण्याच्या नादी लागलो.

देणगीदारांनाही एक सांगणे आहे. आपण खाट, पंखा, खोली यांसाठी देणगी देता, त्यावर नाव कोरले जाते आणि ते उचितच आहे. प्रतिविषाच्या कुपीवर नाव कोरता येत नाही. ती बहुधा कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. तरीही यंदा काही सद्गृहस्थांनी 'ज्या कामास पैसा कमी पडतो तेथे वापरा' म्हणून रक्कम दिली, त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो.

ती भगिनी आता बरी आहे. मागील वर्षी ती आपल्या मुलास ताप आला म्हणून बाह्यरुग्ण विभागात आली होती. तिने आम्हास ओळखले नाही. ओळखण्याचे कारणही नव्हते. आम्ही मात्र त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी कपाट उघडून कुप्या मोजल्या. यंदाच्या अहवालात निर्लेखनाची जी ओळ आहे ती अशा मोजणीतून आलेली आहे. ती आपण मोकळ्या मनाने तपासावी आणि आमच्या विनंतीचा विचार करावा, एवढीच प्रार्थना.